गर्भनिरोधक मिळवताना आलेले अनुभव (अनुभव धागा)

निळाई:
परवा भाचीने विचारले, "मावशी, गोळ्या सुरू करायच्या आहेत, डॉक्टरांकडे माझ्याबरोबर येशील का?" ती एकवीस वर्षांची आहे. मी लगेच हो म्हटले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझ्याबरोबर त्या वयात कोणीच आले नव्हते.

मला तेव्हा दर तीन महिन्यांनी नवी चिठ्ठी आणावी लागे आणि प्रत्येक वेळी तपासणीची फी गोळ्यांच्या किमतीपेक्षा जास्त होई. महिनाअखेर हात आखडला की नवे पाकीट चार-पाच दिवस उशिरा सुरू करायचे, असा मार्ग मी स्वतःच शोधला होता. एकवीस गोळ्यांनंतरची सात दिवसांची सुट्टी लांबवणे हीच सर्वांत धोक्याची चूक असते, कारण तेवढ्या अवधीत बीजकोश पुन्हा जागे होऊ लागतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. त्या वर्षी पाळी बारा दिवस लांबली. ते बारा दिवस मी कोणाशीही न बोलता काढले. तुम्हाला गर्भनिरोधक मिळवताना काय आडवे आले, पैसे, वेळ की माणसे, ते कृपया इथे लिहावे.

अबोली:
माझ्या बाबतीत तिन्ही. मला तांबी बसवायची होती. तिचा खर्च एकदाच होतो आणि तांब्याची नेहमीची तांबी दहा वर्षे चालते, त्यामुळे महिन्यांच्या हिशेबात ती सर्वांत स्वस्त पडते; परंतु पहिल्या नोकरीत असलेल्या मुलीकडे ती सगळी रक्कम एकत्र कुठून येणार? मी चार महिने पैसे साठवले, अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले, आणि "मूल झाल्याशिवाय आम्ही बसवत नाही" हे उत्तर घेऊन परतले. तपासणीची फी मात्र द्यावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार मूल झालेले नसणे हे तांबी नाकारण्याचे कारण नाही, हे मला पुढे वाचनातून कळले. दुसऱ्या डॉक्टरांनी वीस मिनिटांत बसवून दिली. माझी त्या पहिल्या ठिकाणावरची चीड अजूनही गेलेली नाही.

पाणकोळी:
मी पुरुष आहे, तरी लिहितो. आम्ही निरोधवर अवलंबून होतो आणि एका शुक्रवारी रात्री तो फाटला. चूक माझी होती. तो कित्येक महिने माझ्या पाकिटात होता आणि उष्णतेने व घर्षणाने रबर कमकुवत होते, याची मला कल्पना नव्हती. पहिल्या दुकानात तातडीची गोळी संपली होती, दुसऱ्या दुकानात "मुलीला पाठवा" असे सांगितले गेले, आणि रविवारी सगळेच बंद होते. सोमवारी दुपारी गोळी मिळाली तेव्हा ती घेण्यासाठीच्या बहात्तर तासांतले थोडेच उरले होते. ती गोळी बीजांड बाहेर पडणे लांबवते, म्हणून ते बाहेर पडून गेल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही आणि प्रत्येक तास मोलाचा असतो. तिची पाळी वेळेवर आली. त्यानंतर पुढच्या गोळ्यांचा सगळा खर्च मीच करत आलो, कारण मळमळ आणि डोकेदुखी तिच्या वाट्याला होतीच.

अबोली:
@पाणकोळी, त्या "मुलीला पाठवा"चा मलाही अनुभव आहे, फक्त मला "नवऱ्याला पाठवा" असे सांगितले होते. एक गोष्ट इतरांसाठी नोंदवते: संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी तातडीच्या गोळीपेक्षाही अधिक खात्रीची असते.

रानजाई:
मी परिचारिका आहे, कामाची पाळी बदलण्याआधी पाच मिनिटे मिळाली आहेत. निळाईताई, तुमच्यासारख्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. नेहमीची संयुक्त (दोन संप्रेरकांची) गोळी सुरू करण्यासाठी रक्तदाब मोजणे आणि नीट प्रश्न विचारणे पुरते. अंतर्गत तपासणी किंवा रक्ताच्या चाचण्यांची यादी सक्तीची नसते. डोळ्यांपुढे चमक येऊन होणारी अर्धशिशी, पूर्वी पायात झालेली रक्ताची गुठळी आणि क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन, यांविषयी मात्र भाचीला आवर्जून विचारावे. एका वेळी वर्षभरापर्यंतच्या गोळ्या द्याव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही महिन्यामहिन्याला हेलपाटे घालायला लावणारी ठिकाणे आहेत आणि त्या हेलपाट्यांतच मुली गळतात. बदल होऊ शकतो. फ्रान्सने 2022 पासून पंचविशीपर्यंतच्या मुलींना गर्भनिरोधक मोफत केले, आणि अमेरिकेत जुलै 2023 मध्ये नॉरजेस्ट्रेल या संप्रेरकाची रोजची गोळी चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी मिळाली. अमेरिकेतल्या मुलींना त्या गोळीसाठी आधी फी भरून कोणाची चिठ्ठी मिळवावी लागत नाही, एवढा फरकही मोठा आहे.

दूरदेशी:
रानजाई, गर्भनिरोधक इंजेक्शनची तारीख चुकली तर सगळे पुन्हा सुरू करावे लागते का? परीक्षेमुळे माझे दोन आठवडे टळले आहेत आणि मला फार भीती वाटते आहे.

रानजाई:
तीन महिन्यांचे इंजेक्शन असेल तर चार आठवड्यांपर्यंतच्या उशिराने पुढचे देता येते. उद्याच जावे, आणि कोणी परत पाठवू लागले तर हेच सांगावे. घाबरू नये.

सावली:
माझे एकच म्हणणे आहे. दंडात बसवलेली गर्भनिरोधक कांडी मला एका शिबिरात मोफत मिळाली होती. रक्तस्राव थांबेना म्हणून सात महिन्यांनी ती काढून घ्यायची ठरवली, तेव्हा शिबिर संपलेले होते आणि काढण्याचे पैसे मला उसने घ्यावे लागले. बसवताना सगळे हसून बोलले होते. काढताना मात्र "आणखी थोडे सोसा" एवढेच ऐकू आले. मोफत म्हणताना काढण्याचा खर्चही त्यात धरलेला असला पाहिजे.

निळाई:
सगळे वाचले, काही उत्तरे भाचीला मोठ्याने वाचून दाखवली. दूरदेशी, जाऊन आल्यावर कळवावे, आम्ही वाट पाहू. आमची वेळ गुरुवारची आहे. भाचीने वहीत प्रश्न लिहून ठेवले आहेत, सावलीचा अनुभव वाचून तिने "नको वाटले तर बंद करायला किंवा काढायला किती पैसे लागतील?" हा प्रश्न सर्वांत वर घेतला आहे.