प्रतिसाद: सामन्याची दृश्ये बनावट नाहीत
'द आर्सेनल स्टेडियम मिस्टरी' या रहस्यपटातील फुटबॉल सामना स्टुडिओत रचल्यासारखा वाटतो, हे मत मला पटत नाही. ६ मे १९३९ रोजी आर्सेनलच्या हायबरी मैदानावर आर्सेनल आणि ब्रेंटफर्ड या इंग्लिश क्लबांमध्ये झालेल्या खऱ्या लीग सामन्याचे चित्रण त्यात वापरले असून, ब्रेंटफर्डचे खेळाडू पांढरे शर्ट घालून 'ट्रोजन्स' या काल्पनिक हौशी संघाच्या जागी धावताना दिसतात. आर्सेनलचे तेव्हाचे व्यवस्थापक जॉर्ज ॲलिसन तर स्वतःचीच भूमिका करतात; रेडिओवर सामन्यांचे धावते वर्णन केलेला हा माणूस कॅमेऱ्यासमोर मुळीच बुजत नाही. कथेतल्या विषप्रयोगाच्या गुन्ह्याचा उलगडा मात्र ढोबळ आहे, हे मान्य. त्यापेक्षा तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर स्लेडच्या सतत बदलणाऱ्या टोप्याच अधिक लक्षात राहतात.