रात्री जुळवलेला करडा सकाळी निळसर दिसतो, आणि फिरायला जायचं राहूनच जातं

शाईचा_डाग

मी घरून ग्राफिक डिझाइन करते. पुस्तकांची मुखपृष्ठं, वेष्टनं, अधूनमधून एखादा लोगो. कामावर जीव आहे, म्हणूनच विचारते आहे.

दिवेलागणीनंतर स्क्रीनवर जे रंग जुळवते ते सकाळी फाइल उघडली की वेगळेच दिसतात. रात्री शांत वाटलेला करडा निळसर निघतो, केशरी भडक वाटतो. डोळे चुरचुरतात. शिवाय हल्ली उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होतात, झोपेतून उठून हात झटकावा लागतो. दिवसभर काम पेन टॅबलेटवरच (संगणकाला जोडलेली, पेनने रेखाटायची पाटी) असतं.

आणि एक गोष्ट या सगळ्यापेक्षा जास्त लागते. स्केचबुक, सुलेखन, संध्याकाळचं फिरणं या माझ्या आवडीच्या गोष्टी. डेडलाइन आली की सगळ्यात आधी त्यांच्यावर गदा. घरचे म्हणतात, आधी काम उरक, मग खुशाल फिर. मला मात्र वाटायला लागलंय की फिरणं सुटलं की कामच रेंगाळतं. यात काही तथ्य आहे, की मी पळवाट शोधते आहे? या क्षेत्रात बरीच वर्षं काढलेल्यांनी सांगावं.

प्रूफतपासनीस

रंगांपुरतं बोलतो. करडा निळसरच निघतो, पिवळट निघत नाही, यावरूनच कारण सापडतं. सूर्यास्तानंतर स्क्रीन पिवळट करणारा नाइट मोड तुमच्याकडे आपोआप सुरू होत असणार. पिवळट पडद्यावर करडा पिवळा दिसतो, तुम्ही तो नकळत निळ्याकडे ढकलता, आणि सकाळी मोड बंद झाला की ढकललेला निळा उघडा पडतो. खोलीतल्या पिवळ्या दिव्यामुळे झालं असतं तर उलट घडलं असतं. डोळा पिवळ्या उजेडाला सरावला की पडदा निळसर वाटतो आणि माणूस रंग पिवळ्याकडे नेतो. तेव्हा रंगाचं काम चालू असताना तो मोड बंद ठेवा. मेल, बिलं, वाचन यांना खुशाल चालू ठेवा.

केशरीचं कारण वेगळं आहे. एकाच गडद रंगाकडे बराच वेळ बघत राहिलं की डोळा त्याला सरावतो, रंग फिका वाटायला लागतो आणि आपण तो आणखी चढवतो. साधा उपाय म्हणजे सपाट करड्या पानाकडे मिनिटभर बघायचं, मगच ठरवायचं. शेजारच्या रंगाचाही हिशेब ठेवा. पॅरिसच्या गोब्लँ या विणीव भित्तिचित्रांच्या कारखान्यात विणकरांची तक्रार होती की काळा रंग मिळमिळीत येतो. तिथल्या रंगविभागाचे प्रमुख मिशेल शेव्हरल यांनी शोध घेतला तेव्हा काळ्यात दोष नव्हताच, त्याच्या शेजारचे निळे-जांभळे धागे त्याला मारत होते. १८३९ साली त्यांनी हे सगळं सविस्तर छापलं.

छापील प्रूफ बघायला दिवा ५००० केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे उजेड किती पिवळट किंवा निळसर याचं माप) घ्या, छपाईचं आंतरराष्ट्रीय प्रमाण तेच आहे. वेब आणि मोबाइलच्या कामाला स्क्रीनचा पांढरा ६५०० वर ठेवतात.

काना_मात्रा

ताई, तथ्य आहे, आणि घरच्यांना दाखवता येईल इतकं ठोस आहे. २०१४ साली स्टॅनफर्डच्या मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना बसून आणि चालत नवनव्या कल्पना सुचवायला लावल्या. चालताना जास्त सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही. चालून येऊन बसल्यावरही तो परिणाम काही वेळ टिकला. पण जिथे एकच बरोबर उत्तर शोधायचं होतं तिथे चालण्याचा फायदा झाला नाही, उलट उत्तरं किंचित घसरली.

हा दुसरा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो, कारण कामात तो पदोपदी पटतो. मुखपृष्ठाची कल्पना शोधायची असेल तर मी हस्तलिखित वाचून उठते आणि चालायला लागते. ओळींमधलं अंतर बसवायचं असेल तर बसूनच बसवावं लागतं. म्हणून फिरणं कामाच्या शेवटी ठेवू नका. काम हातात आल्यावर, पहिलं कच्चं रेखाटन करायच्या आधी ठेवा आणि ते कामाच्या तासांत धरा. मी धरते, कोटेशनमध्येही धरते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. झपाझप चाललात तर त्यातला मोठा वाटा इथेच भरून निघेल.

सुलेखन तर मुळीच सोडू नका, फक्त मोठं करा. टॅबलेटवर झूम करून काम करताना हात मनगटाच्या वर हलतच नाही. भिंतीला मोठा कागद चिकटवा, चपटा ब्रश घ्या आणि उभं राहून हातभर उंचीचा ‘क’ काढा. डावीकडचं पोट, मग उभा दंड, मग उजवीकडचं वळण. एवढं मोठं वळण मनगटातून निघत नाही, खांद्यातूनच काढावं लागतं, आणि खांद्यातून आलेलं वळण सलग येतं. मनगटातून काढलेल्यात मध्येच कुठेतरी कोपरा पडतो. मग संगणकावर नोड (रेषेचं वळण ठरवणारे बिंदू) कितीही सारखे केले तरी तो खुपत राहतो. भिंतीवरच्या अक्षराचा फोटो घेऊन त्यावर व्हेक्टर (संगणकावरची रेषाकृती) काढला की नोडही कमी लागतात. माझ्या मुखपृष्ठांवरची बहुतेक शीर्षकं अशी भिंतीवरच सुरू होतात. तेव्हा तुम्ही ज्याला छंद म्हणता त्याला मी कामाची पहिली पायरी म्हणेन.

डोळ्यांनाही हीच भिंत कामी येते. पानाचा प्रिंट काढून तिथे लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे किलकिले करून बघा. खालच्या ओळीतला रफार वरच्या ओळीच्या उकाराला भिडलाय का, वेलांट्यांची एका जागी गर्दी झालीय का, हे तिथून पटकन कळतं. देवनागरीत वर आणि खाली दोन्हीकडे चिन्हं असतात, त्यामुळे रोमनच्या हिशेबाने ठेवलेलं ओळींचं अंतर हमखास अपुरं पडतं. नेत्रतज्ज्ञ सांगतात की दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर बघावं. प्रिंट बघायला उठलात की तेही बरंचसं साधतं, खोली लहान असेल तर खिडकीबाहेर बघा. लांब बघताना जवळच्या नजरेसाठी ताणलेला डोळ्यातला स्नायू सैल पडतो.

चुरचुर बहुधा पापण्या न मिटल्याने होते. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो, स्क्रीनसमोर ते ५ ते ७ वर येतं. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालू नका. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) साध्या भिंगांच्या तुलनेत त्याने डोळ्यांचा थकवा कमी होतो असं दिसलं नाही. वर रंगाचं काम करायचं असेल तर पिवळट भिंग मध्ये येणारच.

मनगटसखा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तेही रात्री, आणि हात झटकल्यावर बरं वाटणं, हे वर्णन मनगटातल्या मीडियन नसेवर दाब येण्याशी जुळतं. यालाच कार्पल टनेल म्हणतात. करंगळी बधिर होत असती तर नस वेगळी असती आणि मी कोपराकडे बघितलं असतं. इथे वाचून निदान होत नाही, डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड किंवा मधुमेहातही असा दाब येऊ शकतो, त्याची चौकशी करायला सांगा. अंगठ्याच्या बुंध्याचा मांसल भाग बारीक दिसायला लागला किंवा हातातून वस्तू निसटायला लागल्या तर अजिबात थांबू नका.

तोवर झोपताना मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट वापरून बघा. झोपेत आपण मनगट दुमडतो, त्रास तिथेच वाढतो. दिवसा जाड पेन, सैल पकड. टॅबलेटचा छोटा भाग मोठ्या स्क्रीनला जोडलेला असेल तर सेटिंगमध्ये टॅबलेटचा पूर्ण पृष्ठभाग स्क्रीनला जोडा, म्हणजे हात कोपरापासून हलेल. ‘काना_मात्रां’चा भिंतीवरचा कागद चांगलाच आहे, पण बधिरता ओसरेपर्यंत ब्रश घट्ट धरू नका.

शाईचा_डाग

सगळ्यांचे मनापासून आभार. नाइट मोड खरंच आपोआप सुरू होत होता, बंद केला. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. भिंतीवर कागद लावायला आमच्याकडे दाराची मागची बाजू मोकळी आहे.

आणखी एक विचारते. चाळिशीचा चष्मा लागलाय, प्रोग्रेसिव्ह भिंगांचा. स्क्रीनकडे बघताना हनुवटी वर जाते आणि दुपारपर्यंत मान आखडते. सवय होईल म्हणतात. होते का?

काना_मात्रा

चालता-बोलताना होते, आपल्या कामात होणं कठीण. त्या भिंगात जवळचा नंबर खाली आणि मधल्या अंतराची पट्टी अरुंद असते, म्हणून स्क्रीन त्या पट्टीत आणायला हनुवटी उचलावी लागते. मोठ्या आर्टबोर्डच्या (स्क्रीनवरच्या कामाच्या पानाच्या) कडा बघताना मानही वळवावी लागते. स्क्रीनच्या अंतरापुरता वेगळा एकाच नंबरचा चष्मा करून घ्या, सगळा पडदा एकसारखा स्पष्ट दिसतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली ठेवा. चष्मा करायला जाण्याआधी नेहमीसारखं बसून डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाकडून टेपने मोजून घ्या, टॅबलेटपर्यंतचंही, आणि ते दोन्ही आकडे तिथे सांगा. नंबर त्यावरच ठरतो.