तीन भेटींत काय होणार?

शाहूपुरीतली खोली (धागा सुरू)
कोल्हापुरात स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझी काउन्सेलिंगची खोली आहे. गगनबावडा, राधानगरी, गारगोटीकडची माणसं येतात आणि बसायच्या आधी विचारतात, "मॅडम, किती वेळ लागंल? चारची गाडी हाय." परत येतील की नाही, देव जाणे. परवा एका सीनिअर बाईंनी सुनावलं, "दोन-तीन भेटींत तू करतेस ती मलमपट्टी. मुळाशी जायला वर्ष लागतं."

वर्ष आहे कुणाकडे? एका भेटीला अर्ध्या दिवसाची हजेरी बुडते.

मी वापरते ती सोल्यूशन फोकस्ड ब्रीफ थेरपी. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या नवरा-बायकोनं 1978 मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला केंद्र काढलं, तिथं ही पद्धत घडली. दुखणं कुठून आलं हे उकरत बसायचं नाही. ते नसतं तेव्हा काय वेगळं असतं, ते शोधायचं. एक बाई वैतागून म्हणाली होती की आता चमत्कारच व्हायला पाहिजे. इन्सूबाईंनी तोच धागा पकडला आणि विचारलं: आज रात्री झोपेत चमत्कार झाला आणि तुमची अडचण गेली, पण तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. सकाळी कशावरून कळेल?

माझ्याकडची एक बाई (तपशील बदललेत) या प्रश्नावर बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "च्या गरम असताना प्यायला मिळंल." पहाटे म्हशींची धार, डेअरीला दूध, पोरांचे डबे, सासऱ्यांची आंघोळ. स्वतःचा कप हातात घेईपर्यंत त्यावर साय धरलेली. चमत्कारानंतरची सकाळ म्हणजे दहा, तर आज किती, विचारलं तर तीन म्हणाली. एक का नाही? "पोरगी आता तिची वेणी तीच घालती." तिथून पुढं आम्ही साडेतीनवर कसं जायचं एवढंच बोललो. डबे भरायच्या आधी दहा मिनिटं, परड्यात, एकटीनं चहा. बस्स.

पेठेतला गडी
मॅडम, राग मानू नका, पर ह्यो च्या लई महागात पडतोय. त्या घरात सगळं एकट्या बाईच्या अंगावर का, ह्ये कुणी इचारायचं? दहा मिन्टं परड्यात बसली म्हणून दीर म्हशीची धार काढाय लागला काय? बाईला शिकवलं अॅडजस्ट हो. आमच्या आज्ज्या बी त्येच करत हुत्या, बिनफीचं.

लायब्ररीतला कोपरा
मी स्वतः तीन भेटीच गेलो होतो. स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न, झोप उडालेली, घरी फोन उचलत नव्हतो. मॅडमनी (या नव्हे, दुसऱ्या) विचारलं, पंधरा दिवसांत एखादा दिवस बरा गेला का? मी नाही म्हणालो. त्या थांबल्या. मग आठवलं, बुधवार. त्या दिवशी मित्राबरोबर रंकाळ्याला चक्कर मारून उशिरा अभ्यासाला बसलो होतो आणि दोन तास सलग बसलो होतो. त्या म्हणाल्या, "गुरुवारी पण जाऊन बघा." उपाय माझाच होता, मलाच दिसत नव्हता. बालपण वगैरे कुणी उकरलं असतं तर पळालो असतो.

गंगावेशीतली
माझा अनुभव उलटा. वडील जाऊन महिनाही झाला नव्हता. एका ठिकाणी गेले, नाव घेत नाही. पाच मिनिटांत समोर कागद, शून्य ते दहा रेघ. "आज किती? मागच्या आठवड्यापेक्षा काय बरं आहे?" मला रडायचं होतं हो. काहीतरी बरं सांगायला पाहिजे म्हणून मी चार म्हणाले, आणि त्या बाई खूश झाल्या. बाहेर येऊन जिन्यात बसून रडले.

नाइट ड्यूटी
मानसोपचार शिकतोय, म्हणून थोडं कोरडं लिहितो. पद्धत वाईट नाही, आधी गाळणी हवी. जीव नकोसा झालाय का, घरात मारहाण आहे का, कानात आवाज येतात का, चार दिवस झोपेशिवाय उत्साहात फिरतोय का. यातलं काही असेल तर चमत्काराचा प्रश्न बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री 14416, टेलीमानस ही सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात.
बाकी सीनिअर बाईंना एक सांगा. मोशे टॅल्मन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेत नोंदी तपासल्या, तेव्हा सगळ्यात जास्त वेळा आढळलेली भेटींची संख्या होती एक. वर्षभराचा बेत थेरपिस्टच्या डायरीत असतो.

शाहूपुरीतली खोली
गंगावेशीतली ताई, वाचून पोटात कालवलं. याच पद्धतीत दुसरा प्रश्नही आहे: एवढं सोसून तुम्ही आज इथवर आलात कशा? तोही पोटभर ऐकून घेतल्यावरच विचारायचा. पण घड्याळ बघत आम्ही कागद लवकर काढतो, हे खरंय. मीही काढलाय.
नाइट ड्यूटी, गाळणी मान्य. मारहाणीचं मी पहिल्याच भेटीत विचारते, सोबत आलेल्या माणसाला बाहेर बसवून.
पेठेतले दादा, घर बदलायला मी कोण? ती बाई घरी जाऊन सासूशी भांडली असती तर निभावायचं तिलाच होतं. दहा मिनिटं तिनं स्वतः मागून घेतली, सासूच्या तोंडावर. तिच्या आयुष्यात ते पहिल्यांदा झालं.

पेठेतला गडी
बरं. मग परत आली का ती?

शाहूपुरीतली खोली
नाही. दोन महिन्यांनी तिनं जावेला पाठवलं.

पेठेतला गडी
म्हंजे आता जावंचा च्या गार हुतोय.