ऑनलाइन कोर्स तयार करायला शिकवणारं प्रशिक्षण सुचवा (सांगली)

विश्रामबागकर: सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला शिकवतो. 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स'चा ऑनलाइन कोर्स करायचं काम आम्हा तिघांच्या गळ्यात पडलंय. मागच्या एफडीपीत (शिक्षकांच्या प्रशिक्षण कार्यक्रमात) दिवसभर पीपीटी बघितल्या, सर्टिफिकेट मिळालं, कोर्स काही झाला नाही. कॅमेऱ्याला पैसे मंजूर आहेत. प्रशिक्षण कुठलं घ्यावं? सुट्टीत पुण्या-मुंबईला जायची तयारी आहे.

पाटीपुसणे: सर, कॅमेऱ्याचं नंतर बघा. आयआयटी मुंबईच्या शैक्षणिक तंत्रज्ञानवाल्यांची एलसीएम, म्हणजे लर्नर-सेंट्रिक मूक (MOOC, सगळ्यांना खुला ऑनलाइन कोर्स) पद्धत आधी समजून घ्या. त्यांनी ती प्राध्यापकांनाच शिकवलीय. तिच्यात व्हिडिओ हा एक तुकडा. तोही मध्येच थांबून मुलाला काहीतरी करायला लावणारा. मग लगेच उत्तर तपासून मिळेल असा सराव, ज्याच्या त्याच्या वकुबाप्रमाणे पुढचं वाचन, आणि मुलांची आपसात चर्चा.

तुमच्याच विषयातलं घ्या. सिंपली सपोर्टेड बीम, मधोमध पॉइंट लोड. रिअॅक्शन काढून दाखवा आणि 'शिअर फोर्स डायग्राम वहीत काढा, मग पुढे चला' म्हणून थांबा. बरीच पोरं लोडपर्यंत तिरकी रेघ मारतात, यूडीएलची, म्हणजे सारख्या पसरलेल्या लोडची सवय. तीच तिरकी रेघ पुढच्या प्रश्नात चुकीचा पर्याय म्हणून टाका आणि ती निवडली की 'या दोन बिंदूंमध्ये लोड कुठे आहे?' एवढंच विचारा. असे पर्याय नेटवर शोधू नका, मागच्या वर्षीच्या पेपरांत ढिगाने सापडतील.

कृष्णाकाठ: +१. शिवाय एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) एनआयटीटीटी या शिक्षक-प्रशिक्षणाचे आठ मॉड्यूल 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर आहेत, घरबसल्या होतात. समोरासमोर हवं तर एनआयटीटीटीआर भोपाळ या तंत्रशिक्षकांच्या प्रशिक्षण संस्थेचं पुण्यात केंद्र आहे, वेळापत्रक बघून घ्या. माझी एकच चाळणी: शेवटी आपल्या कोर्सचा निदान एक आठवडा बांधून, दुसऱ्याकडून तपासून घ्यायला लावतात का? नसेल तर तो वेळ पेपर तपासण्यात घालवलेला बरा.

आणि तासाभराचं लेक्चर रेकॉर्ड करू नका. एडेक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटच्या व्हिडिओंवरच्या २०१४च्या अभ्यासात, व्हिडिओ कितीही लांब असो, बघणं साधारण सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हतं. हाताने आकृती काढत शिकवलेलं नुसत्या स्लाइडपेक्षा जास्त बघितलं गेलं. आपण फळ्यावरचे लोक, हे आपल्याला जमतंच.

विश्रामबागकर: हे पटलं. पण जत-आटपाडीकडच्या पोरांचं काय? रेंज नाही, डेटा संपलेला.

पाटीपुसणे: मूडल वापरा, ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. त्याच्या अॅपमध्ये मजकूर कॉलेजच्या वायफायवर उतरवून ठेवता येतो, घरी नेट नसलं तरी उघडतो. ऑफलाइन क्विझचीही सोय आहे, फक्त सेटिंगमध्ये आधी चालू करावी लागते. त्यातलं पहिलं क्विझ तुमच्या दोघा सहकाऱ्यांना मोबाइलवर सोडवायला द्या. नेट बंद करून.