भूप आणि देशकार: स्वर तेच, मग राग दोन कसे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी गाणं शिकतेय, क्लासमध्ये सध्या भूप चाललाय आणि परीक्षेसाठी रागाची माहिती पाठ करतेय. थाट (स्वरांवरून केलेला रागांचा गट) कल्याण, मध्यम-निषाद वर्ज्य, जाती औडव-औडव (चढताना-उतरताना पाच-पाच स्वर), वादी (मुख्य स्वर) गंधार, संवादी (त्याच्या खालोखाल महत्त्वाचा) धैवत, वेळ रात्रीचा पहिला प्रहर, हे सगळं येतं. पण पुढे देशकार आला आणि त्यातही सा रे ग प ध एवढेच शुद्ध स्वर, फक्त वादी-संवादी उलटे, थाट बिलावल आणि वेळ सकाळची!

कल्याण आणि बिलावल थाटात फरक मध्यमाचाच ना, एकात तीव्र एकात शुद्ध, आणि इथे तर मध्यमच नाहीये, मग भूप कल्याणातला हे ठरवलं कशावरून? आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे वादी हा रागातला मुख्य स्वर, ही व्याख्या ठीक आहे पण गाताना नक्की करायचं काय? तो जास्त वेळा घ्यायचा की त्याच्यावर जास्त थांबायचं? पेटीवर सा रे ग प ध सां वाजवलं की दोन्ही सारखेच ऐकू येतात. मला नुसतं लिहून पास व्हायचं नाहीये, कानाला कळायला हवंय. प्लीज कुणीतरी सांगा.

प्रतिसाद १
ताई, आरोह-अवरोहावरून कळणारच नाही, चलन (राग कसा फिरतो ते) बघा. भूप असा: ग, रे सा, ध़ सा रे ग, प ग, ध प ग रे सा. फिरून फिरून गंधारावर येतो, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतापर्यंत खाली जातो, सगळा जीव पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात). देशकार असा: ग प ध, प, सां ध, प. धैवत ठसठशीत, तिथून पंचमावर विसावा, रिषभ अवरोहात अगदी हलका. भूप गाताना ध वरून प वर येऊन सारखं थांबायला लागलात की देशकार डोकावलाच. थाटाचं म्हणाल तर संगीतशास्त्रकार भातखंड्यांचे दहा थाट हे वर्गीकरण आहे, जिथे स्वरांवरून ठरत नाही तिथे अंग (रागाची ठेवण) बघायचं. भूपाचं अंग कल्याणचं, शुद्ध कल्याणचा आरोह तर भूपाचाच आहे.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. फक्त पेटीऐवजी तानपुऱ्यावर गाऊन बघा. पेटीचा गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो (अर्ध्या स्वराचे १०० सेंट), आणि भूपात तर त्याच गंधारावर ठेहराव. किशोरीताईंचा (गायिका किशोरी आमोणकर) भूप ऐका, गंधार कसा लावतात ते बघा.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे! दोन्ही ओळी गाऊन बघितल्या, धैवतावरून पंचमावर आलं की खरंच वेगळं वाटतं. आता अजून एक, द्रुत तानेत (भरभर घेतलेल्या स्वरांच्या ओळीत) तर कुठेच थांबत नाही, मग तिथे भूपाची तान देशकारात जाऊ नये म्हणून काय सांभाळायचं?