विषय: बसपासून बांधलेले मोटरहोम विकत घेण्याआधी काय तपासावे?

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

निवृत्तीनंतर अमेरिकेतील प्रवासासाठी आम्ही उभयता प्रेव्हो बसपासून बांधलेले एक वापरलेले, 45 फुटी मोटरहोम (राहण्याची सोय असलेले वाहन) घेण्याच्या विचारात आहोत. जाहिरातीत वर्ष, मैल आणि आतील सजावटीचे सविस्तर वर्णन आहे; परंतु एवढी रक्कम गुंतवण्याआधी नेमके काय पाहावे, हे आम्हांस उमजत नाही. ज्यांना माहिती असेल त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपला,
एक सभासद

---

स. न. वि. वि.

सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे, की आपण एक नव्हे तर दोन कारखान्यांच्या वस्तू एकत्र विकत घेत आहात. प्रेव्हो ही 1924 साली क्युबेकमध्ये सुरू झालेली आणि आता व्होल्वो समूहात असलेली कंपनी इंजिन, ब्रेक, एअर सस्पेन्शन (गाडी हवेच्या फुग्यांवर तोलणारी रचना) आणि बाहेरचा सांगाडा एवढेच जोडून देते, आणि त्या रिकाम्या शेलमध्ये, म्हणजे सांगाड्यात, घर उभे करण्याचे काम मॅरेथॉन किंवा लिबर्टी यांच्यासारख्या कंपन्या करतात. त्यामुळे शेलचे वर्ष आणि घर बांधल्याचे वर्ष वेगळे असू शकते. जाहिरातीतील वर्ष यांपैकी कोणते, हे विचारावे. शेलचे वर्ष व्हीआयएनच्या (वाहनाच्या 17 अक्षरी ओळख क्रमांकाच्या) दहाव्या अक्षरावरून कळते.

हे वर्ष इंजिनाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील प्रदूषणाच्या नियमांमुळे 2007 पासूनच्या डिझेल इंजिनांत काजळीचा फिल्टर आला आणि 2010 पासूनच्या बहुतेक इंजिनांना डीईएफ हा धुरातील प्रदूषण कमी करणारा द्रवही लागू लागला. त्याआधीची डेट्रॉइट सिरीज 60 ही इंजिने तुलनेने साधी असून ती जाणणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत. नवे म्हणजे निर्धोक असे मी मानत नाही. माझा भर देखभालीच्या नोंदींवर राहील.

कमी मैल पाहूनही हुरळून जाऊ नये. उभ्या राहिलेल्या बसचे रबरी सील सुकतात, जनरेटर आखडतो, आणि टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारे झालेले असते. टायरच्या बाजूवर ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहावेत: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. पुढच्या चाकाचा टायर वेगात फुटला तर सुमारे 25 टनांच्या वाहनाचे काय होईल, याची कल्पना करावी आणि जुने टायर बदलण्याचा खर्च किमतीतच धरावा.

गाडी संध्याकाळी समतल उभी करवून सकाळी पुन्हा पाहावी. एक कोपरा खाली बसलेला असेल तर हवा कुठेतरी गळते आहे. मात्र एक विनंती अगदी कळकळीने करतो: भक्कम आधार लावल्याशिवाय कोणीही बसखाली शिरू नये. सस्पेन्शनच्या एअर बॅगमधील (फुग्यांतील) हवा अचानक निघाली तर सांगाडा क्षणात खाली येतो, आणि अशा अपघातांत माणसे दगावली आहेत.

घराच्या भागात खरी गुंतागुंत विजेची. जनरेटरवर सर्व एअर कंडिशनर एकदम लावून निदान तासभर चालवावेत. नंतर बाहेरील 50 अँपिअरच्या जोडणीवर आणि शेवटी केवळ बॅटरी-इन्व्हर्टरवर तेच घर तपासावे. स्लाइड-आउट (गाडी उभी असताना बाहेर सरकणारा खोलीचा भाग) असल्यास तो अनेकदा आत-बाहेर करून त्याचे हवेने फुगणारे सील धरतात का, तेही पाहावे. प्रत्येक गाडीचे वायरिंग वेगळे असल्याने त्याच गाडीचे आराखडे मिळत नसतील, तर मी ती घेणार नाही, मग आतील लाकूडकाम कितीही देखणे असो.

आपला,
एक सभासद

---

सप्रेम नमस्कार.

मनःपूर्वक आभार. विक्रेत्याच्याच मेकॅनिकची तपासणी पुरेशी धरावी का? आणि परवान्याचे काय?

---

नमस्कार.

नाही. बसचा भाग अवजड डिझेल वाहनांच्या स्वतंत्र मेकॅनिककडून आणि घराचा भाग मोटरहोमच्या जाणकाराकडून, अशा दोन तपासण्या स्वखर्चाने कराव्यात. परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात: कॅलिफोर्नियात 40 फुटांहून लांब मोटरहोमला बिगर-व्यावसायिक वर्ग बी परवाना लागतो, तर टेक्सासमध्ये 26,000 पौंडांवरील वजन ठरवते. आपली गाडी 45 फुटी असल्याने, बयाणा देण्याआधीच आपल्या राज्याच्या वाहन कार्यालयात विचारून घ्यावे.