मदत हवी आहे: ४०० सीसी गटातली अपडेट झालेली गाडी घ्यावी की आधीचं मॉडेल?

एक सिलिंडरची नेकेड (इंजिनभोवती प्लास्टिकचं आवरण नसलेली) गाडी घ्यायची आहे. जी मनात आहे तिचं नुकतंच मोठं अपडेट आलं. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा कंपनीवर घसरते. माहितीपत्रकातले आकडे देतो.

जुनी: बोअर ८९ मिमी, स्ट्रोक ६० मिमी, ३७३ सीसी, ४३ पीएस, ३७ एनएम, वजन १६३ किलो (ड्राय), सीट ८३० मिमी, मागचं स्प्रॉकेट ४५ दातांचं.
नवी: बोअर तोच, स्ट्रोक ६४ मिमी, ३९८ सीसी, ४५ पीएस, ३९ एनएम, वजन १६८ किलो (कर्ब), सीट ८२० मिमी, मागचं स्प्रॉकेट ४३ दातांचं.

पुढचं स्प्रॉकेट दोन्हींना १५ दातांचं. प्रायमरी आणि गिअरबॉक्सचे रेशो तेच. टाकी दोन्हींची १३ लिटर. नवीत राइड मोड, ट्रॅक्शन कंट्रोल, कॉर्नरिंग एबीएस, क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय) आणि टीएफटी डिस्प्ले जास्तीचे.

उंची १६५ सेमी, वजन ६८ किलो. रोज ४० किमी शहरात आणि महिन्यातून दोनदा हायवेवर २५०-३०० किमी, बहुतेक वेळा डबलसीट.

पर्याय तीन: नवी गाडी, शोरूममध्ये पडून असलेली जुन्या मॉडेलची कोरी गाडी, किंवा जुनीच दोन वर्षं वापरलेली. २ पीएससाठी आणि वाढलेल्या वजनासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे का? टेस्ट राइडला नेमकं काय बघावं?

प्रतिसाद १

आधी वजनाचा गोंधळ सोडवा. तुम्ही ड्राय (पेट्रोल-ऑइलशिवायचं) आणि कर्ब (सगळं भरून चालवायला तयार गाडीचं) वजनांची तुलना केली आहे. १३ लिटर पेट्रोल म्हणजे साधारण पावणेदहा किलो. त्यात इंजिन ऑइल आणि कूलंट धरलं तर जुनी गाडी भरल्या टाकीने १७५ किलोच्या आसपास जाते. काही कंपन्या ड्राय वजनात फक्त पेट्रोल वगळतात, काही बॅटरीसुद्धा, त्यामुळे किलोभर इकडेतिकडे होईल. पण नवी गाडी जड नाही, पाच-सात किलोंनी हलकीच आहे.

आता २ पीएस. कमाल ताकदीचा आकडा वरच्या आरपीएमला मिळतो आणि शहरात तिथे कोणी जात नाही. तुमच्या कामाचा हिशेब चाकापर्यंत पोचणाऱ्या जोराचा. जुनीचा फायनल रेशो ४५/१५, म्हणजे ३.००. नवीचा ४३/१५, म्हणजे २.८७. टॉर्क ५.४ टक्क्यांनी वाढला, गिअरिंग ४.४ टक्क्यांनी लांबलं. त्याच गिअरमध्ये चाकावरचा कमाल जोर जेमतेम एक टक्का वाढतो. वाढलेला टॉर्क कंपनीने पिकअपसाठी वापरला नाही, इंजिन शांत फिरवण्यासाठी वापरला. जिथे जुनीचं इंजिन ६००० आरपीएमवर असे, तिथे त्याच वेगाला नवीचं ५७३० च्या आसपास राहील. तुमच्या हायवेच्या वापरासाठी हा बदल २ पीएसपेक्षा जास्त मोलाचा आहे.

पण आरपीएम कमी म्हणजे व्हायब्रेशन कमीच, असं धरू नका. पिस्टनमुळे बसणारा हादरा स्ट्रोकच्या प्रमाणात आणि आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. स्ट्रोक ६ टक्क्यांहून अधिक वाढला आहे. पिस्टनचं वजन तेच धरलं, तर लांबलेला स्ट्रोक कमी आरपीएमचा बहुतेक फायदा खाऊन टाकतो. उरलेलं सगळं हादरा कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट, इंजिन माउंटिंग आणि हँडलच्या वजनांवर. ते कागदावर कळत नाही, आरशात कळतं.

प्रतिसाद २

टेस्ट राइड किमान २०-२५ मिनिटांची मागा. शोरूमला एक फेरी मारून काहीही कळत नाही. माझा क्रम असा सांगेन.

गाडी थंड असताना स्टार्ट करायला सांगा. आधीच गरम करून ठेवली असेल तर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जा. मग दुसऱ्या गिअरमध्ये २५००-३००० आरपीएमवर एक्सलेटर पूर्ण सोडा आणि अलगद परत द्या. राइड बाय वायर (केबलऐवजी सेन्सरने चालणारा थ्रॉटल असलेल्या) गाड्यांची खरी परीक्षा इथे होते. झटका बसत असेल तर ट्रॅफिकमध्ये रोज मनगट दुखेल आणि मागे बसलेल्याचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटेल. प्रत्येक मोडमध्ये हे वेगवेगळं करून बघा.

टॉप गिअरमध्ये तुमच्या नेहमीच्या वेगाला आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो का? फूटपेग आणि टाकीला गुडघे लागतात तिथला हादरा वेगळा तपासा. नंतर पाच मिनिटं संथ ट्रॅफिकमध्ये न्या, फॅन सुरू होऊ द्या. गरम हवा नडगीवर येते की बाहेर जाते, ते बघा. गरम इंजिनवर उभ्या गाडीत न्यूट्रल सहज लागतो का आणि बंद करून लगेच परत स्टार्ट होते का, हेही तेव्हाच.

डबलसीट चालवणार असाल तर मागे बसणाऱ्या व्यक्तीला सोबत न्या. या गटातल्या बऱ्याच नेकेड गाड्यांची मागची सीट अरुंद आणि फूटपेग उंच असतात. मागच्याचे गुडघे दुखले की ३०० किमीचा बेत कागदावरच राहतो.

प्रतिसाद ३

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल. सगळ्या फीचर्सना एकाच पारड्यात टाकू नका.

कॉर्नरिंग एबीएससाठी पैसे द्यावेत असं मला ठाम वाटतं. साधा एबीएस चाकाच्या वेगावर चालतो, गाडी किती झुकली आहे ते त्याला कळत नाही. वळणात टायरची बरीचशी पकड गाडी वळवण्यातच खर्ची पडलेली असते. तिथे घाबरून ब्रेक दाबला तर एकतर पुढचं चाक घसरतं किंवा गाडी उभी होऊन वळणाबाहेर जाते. आयएमयू सेन्सर झुकाव मोजतो आणि ब्रेकचा दाब त्या मानाने आवरतो. पकडच नसलेल्या वाळूवर तोही काही करू शकणार नाही, पण ओल्या घाटरस्त्यावर एकदा कामी आला तरी पैसे वसूल. मात्र माहितीपत्रकात आयएमयूचा स्पष्ट उल्लेख आहे का, ते बघा. नुसतं "ड्युअल चॅनल" म्हणजे कॉर्नरिंग एबीएस नव्हे.

ट्रॅक्शन कंट्रोल चांगला, पण ४० एनएमच्या गाडीत त्याची गरज पावसात आणि खडीवरच. क्विकशिफ्टरसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. कमी आरपीएमला तो कडक लागतो आणि शहरात तुम्ही क्लचच वापराल. टीएफटी डिस्प्ले भर दुपारच्या उन्हात बघा, शोरूमच्या सावलीत नाही.

प्रतिसाद ४

पडून असलेल्या कोऱ्या गाडीबद्दल कोणी लिहिलं नाही. सवलत चांगली असेल तर तो वाईट पर्याय नाही, पण "कोरी" म्हणजे ताजी नव्हे.

चेसिस प्लेटवर उत्पादनाचा महिना बघा. टायरच्या बाजूला डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२वा आठवडा. साधी लेड ॲसिड बॅटरी असेल तर गाडी बंद असताना व्होल्टेज १२.६ ते १२.८ हवं. १२.४ च्या खाली वारंवार गेलेली बॅटरी सल्फेशनने कमजोर झालेली असते, एकदा चार्ज करून ती पूर्ववत होत नाही. ती बदलूनच घ्या. डॉट ४ ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी एक किमीही न चालता. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून घ्यायला सांगा. वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून सुरू होते, हे लेखी घ्या.

वापरलेल्या गाडीत आधी चेन. मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागून चेन ओढा, अर्ध्याहून जास्त दात दिसला तर चेन-स्प्रॉकेट किटचा खर्च धरा. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मध्यभागी अडकल्यासारखं झालं तर कोन सेट (हँडलचं बेअरिंग) गेला. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळतं तिथल्या स्टॉपरवर चेपलेली खूण किंवा ताजा रंग दिसला तर गाडी जोरात पडलेली आहे, तिथूनच परत फिरा. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, व्हर्निअरने मोजा.

नवीच घेणार असाल तर पहिल्या सहा महिन्यांतलं उत्पादन टाळा. इंजिनचे आतले भाग बदललेत, म्हणजे गॅस्केट, कूलंट गळती, ईसीयू मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग्ज) यांतल्या त्रुटी पहिल्या खेपेतच वर येतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्राय-कर्बची चूक लक्षातच आली नव्हती. नवीची टेस्ट राइड घेतली. आरसे हायवेच्या वेगाला स्वच्छ. स्पोर्ट मोडमध्ये दुसऱ्या गिअरला झटका जाणवला, रेन मोडमध्ये खूप कमी. मागचं सस्पेन्शन सर्वात मऊ प्रीलोडवर (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची, ती सेटिंग) होतं. एकटा बसल्यावर ३८ मिमी दबलं, डबलसीट ६० मिमी. ट्रॅव्हल १५० मिमी आहे. पायांचे चवडे दोन्ही बाजूंना टेकतात, टाचा नाही.

प्रतिसाद १

छान मोजमाप केलंत. एकट्याचा सॅग (बसल्यावर सस्पेन्शन दबणं) ट्रॅव्हलच्या २५ टक्के, तो बरोबर आहे. डबलसीट ४० टक्के होतो, तो जास्त. प्रीलोड एकेक खाच वाढवत ५० मिमीपर्यंत आणा. शेवटच्या खाचेवरही ५० च्या वरच राहिला तर स्प्रिंगच तुम्हा दोघांसाठी मऊ आहे. प्रीलोडने मागची बाजू वर येते, स्प्रिंग कडक होत नाही. त्या गाडीला कडक स्प्रिंग मिळते का, ते बुकिंगआधी विचारा. प्रीलोड आधीच सर्वात मऊ आहे, त्यामुळे टाचा टेकाव्यात म्हणून तो आणखी कमी करता येणार नाही. चवडे टेकतात तेवढं पुरे.

झटक्याबद्दल निकाल देण्याआधी चेन तपासा. टेस्ट राइडच्या गाड्यांची चेन बहुतेकदा ढिली असते आणि ढिल्या चेनचा झटका हुबेहूब थ्रॉटलच्या झटक्यासारखा लागतो. मॅन्युअलमध्ये चेनचा जो स्लॅक (ढिलेपणा) दिला आहे तेवढा करून घ्या, मग त्याच गिअरमध्ये, त्याच ३००० आरपीएमवर स्पोर्ट मोड पुन्हा बघा. झटका गेला तर नवीच घ्या, फक्त पहिली खेप जाऊ द्या. तरीही राहिला तर डीलरकडे ईसीयू मॅपचं नवं व्हर्जन आलंय का विचारा, आणि ते टाकलेली गाडी चालवल्याशिवाय पैसे भरू नका.